कम्प्युटरला ऊन लागलं

मे महिन्यात भर दुपारी ‘बाबा, कूलर बंद पडला’ अशी हाक आली की नागपूरचा माणूस कशासाठीही थांबत नाही. तोंडातला घास, कानाला लावलेला फोन, अर्धा अंगात घातलेला सदरा, जे जिथे असेल ते तिथे राहतं. मीही राहू दिलं. मोरीतली मोगरी उचलली, हॉलच्या खिडकीशी धावलो, बटण बंद केलं, पिन काढली, बाजूची ताटी उचकटली आणि टाकीतल्या पंपाला मोगरीच्या दांड्याने दोनदा ढोसलं.

मग लक्षात आलं की ताटी ओलीचिंब होती, पाणी छान ठिबकत होतं आणि वारा गार येत होता. आई खाटेवरून म्हणाली, “काऊन रे बापू, चांगला चालून राहिला होता ना तो?”

“हा नाही बाबा,” आतल्या खोलीच्या दारातून चिरंजीव म्हणाले. “माझा कूलर. कम्प्युटरचा.”

एका घरात दोन कूलर असू शकतात आणि त्यातला दुसरा खिडकीत नसतो, ही गोष्ट मला माहीत नव्हती असं नाही. साडेनऊ हजार रुपयांचं बिल मीच भरलं होतं. पण पैसे देणं वेगळं आणि पटणं वेगळं. आमचा हॉलमधला लोखंडी कूलर चिरंजीवांपेक्षा वयाने मोठा आहे. त्याच्या ताट्या दर मार्चमध्ये बदलतो, पंप एकाआड एक वर्षी, पत्रा दोनदा बदलला, मोटर एकदा गुंडाळून घेतली. बाकी सगळा मूळचा आहे. कम्प्युटरच्या कूलरला मात्र ताटी नाही, टाकी नाही, नळ सोडून भरायची सोय नाही. त्यात सात रंगांचे दिवे आहेत आणि पाण्याचा एक थेंब कुठून दिसत नाही.

चिरंजीव लग्नाच्या व्हिडिओंचं एडिटिंग करतात. पूर्वी लग्न एका दिवसात लागायचं. आता मुहूर्तावर ते फक्त सुरू होतं. ड्रोन, तीन कॅमेरे आणि मेंदीचं स्लो मोशन घेऊन आमच्या आतल्या खोलीत येतं आणि दीड महिन्याने पूर्ण लागतं. त्या दिवशी अमरावतीकडचं एक लग्न सकाळपासून कम्प्युटरमध्ये शिजत होतं. रेंडर म्हणतात त्याला. नवरी हार घेऊन पुढे आली, तिने हात उचलले आणि कम्प्युटर बंद. पुन्हा लावला, नवरी पुन्हा आली, हात उचलले, बंद. चौथ्या खेपेला मला त्या मुलीचीच काळजी वाटायला लागली. चिरंजीवांनी घड्याळ लावून पाहिलं होतं : नवरीचा दोष नव्हता, बरोबर अकरा मिनिटांनी मशीन मान टाकत होतं. परत सुरू करताना पडद्यावर इंग्रजीत एक ओळ यायची, सीपीयू ओव्हर टेम्परेचर एरर.

“म्हंजे काय?” आईने विचारलं.

“आजी, त्याला ताप आलाय. नव्वद.”

“घाम येते का त्याले?”

“कम्प्युटरला कुठून घाम येणार?”

“मंग ऊन लागलं त्याले,” आई म्हणाली आणि उठून स्वयंपाकघरात गेली. परत आली तेव्हा तिच्या हातात पांढरा कांदा होता. तो तिने कॅबिनेटच्या टपावर, मधोमध ठेवला. चिरंजीवांनी तो उचलायला हात पुढे केला आणि आजीच्या चेहऱ्याकडे बघून मागे घेतला.

पुढचे पाच दिवस आम्ही जे केलं त्याच्या शेवटी, आईचं निदान सोडून दुसरं काही निघालं नाही. अंग तापलंय, चक्कर येते, आणि आतलं पाणी अंगाबाहेर उष्णता नेत नाही. ऊन लागणं म्हणजे आणखी काय असतं?

कम्प्युटरच्या प्रोसेसरमधला खरा राबणारा तुकडा अंगठ्याच्या नखाएवढा. एवढ्याशा जागेतून भर कामात सव्वाशे-दीडशे वॉट उष्णता निघते. आपली इस्त्री हजार वॉटची असते खरी, पण तिचा तवा केवढा! चौरस सेंटिमीटरचा हिशेब मांडला तर इस्त्री ह्याच्यापुढे थंड पडेल. म्हणून त्याच्या डोक्यावर तांब्याची चकती बसवतात. चकतीच्या आतल्या अंगाला केसासारख्या बारीक चिरा असतात, त्यांतून पाणी वाहतं. चकतीवरच बसलेला छोटा पंप ते गरम पाणी एका रबरी नळीने रेडिएटरकडे ढकलतो. तिथे दोन पंखे वारा घालतात आणि निवलेलं पाणी दुसऱ्या नळीने परत येतं. पाणी जेमतेम पेलाभर, आणि तेच ते, वर्षानुवर्षं. कारखान्यात भरून सील केलेलं. बाहेरून बघणाऱ्याला आत वाहतंय की साचलंय, काही कळायचं साधन नाही.

पहिला संशय मी तापमापकावरच घेतला. आणि ह्याला नागपुरात आधार आहे. ३० मे २०२४ रोजी शहरातल्या एका स्वयंचलित हवामान केंद्राने छप्पन अंश नोंदवले होते. बातमी देशभर गेली. पुण्या-मुंबईच्या नातेवाइकांचे सांत्वनाचे फोन आले आणि आम्हीही, खोटं कशाला बोला, दोन दिवस मोठ्या ऐटीत ‘होय ना, छप्पन’ म्हणून सांगितलं. मग हवामान खात्याने तपासून जाहीर केलं की सेन्सर बिघडला होता. फार वाईट वाटलं होतं. तेव्हापासून आकडा मोठा दिसला की मी आधी सेन्सरकडे बघतो.

चिरंजीवांनी कम्प्युटर सुरू करून सरळ बायोसमध्ये, म्हणजे त्याच्या मूळ सेटिंगच्या पडद्यावर, नेला. तिथे मशीन नुसतं बसून असतं, काम काही नाही. सेन्सर खोटं बोलत असता तर आकडा सुरुवातीलाच नव्वद असता, नाहीतर वेड्यासारखा उड्या मारत असता. हा शहाण्यासारखा पंचेचाळीसवरून निघाला आणि एकेक पायरी चढत तीन-चार मिनिटांत पंच्याऐंशीला पोचला. म्हणजे ताप खरा होता.

एव्हाना वरच्या मजल्यावरचे काका आले होते. वीज खात्यातून निवृत्त होऊन त्यांना अकरा वर्षं झाली. तेव्हापासून कोणाच्याही घरात स्क्रू ड्रायव्हर फिरला की त्यांना वास येतो. काकांनी आत हात घालून रेडिएटर चाचपला आणि खूश झाले. “हा तं गार आहे. चांगलं काम करून राहिला नं बे!”

मलाही तेच वाटलं. कूलरला हात लावला, गार लागला, अजून काय हवं? चिरंजीवांनी कपाळाला हात लावला. गार लागतोय तोच तर आजार होता. उष्णता रेडिएटरपर्यंत पोचतच नव्हती. पंपाजवळ नळीला बोट लावलं तर चटका बसत होता आणि वीतभर पुढे तीच नळी खोलीइतकी. पाणी फिरत असतं तर दोन्ही नळ्या टोकापासून टोकापर्यंत जवळजवळ सारख्या कोमट लागल्या असत्या. आमच्या घरात जुन्या फ्रिजपासून नव्या गीझरपर्यंत अनेक गोष्टी बिघडल्या, पण थंड करणारं यंत्र थंड आहे म्हणून ते बिघडलंय, हे पचवायला काकांना एक चहा लागला.

चहानंतर त्यांनी सूत्रं हाती घेतली. बायोसच्या पडद्यावर पंपाचे फेरे दिसतात. तिथे मिनिटाला दोन-अडीच हजार दिसायला हवेत, तिथे शून्य. आता शून्य म्हणजे दोन गोष्टी : पंप फिरत नाही, किंवा फिरतोय पण सांगत नाही. काकांच्या म्हणण्याप्रमाणे त्यांच्या खात्यात दुसऱ्या प्रकारची माणसं फार दुर्मीळ होती. तरी प्रत्येक प्लग काढून पुन्हा लावला. पंपाची वायर मदरबोर्डवर पंपासाठीच असलेल्या जागी होती. तापमानाप्रमाणे वेग कमी-जास्त करण्याची सेटिंग काढून पंप कायम पूर्ण वेगावर ठेवला. पॉवर सप्लायकडून येणारा चपटा प्लग किंचित हलत होता, तोही दाबून बसवला. मग काकांनी लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक पंपावर ठेवलं, मूठ कानाला लावली आणि डोळे मिटले. आम्ही सगळे पंखे बंद करून श्वास धरून उभे.

“आहे,” काका म्हणाले. “जीव आहे. कण्हून राहिला.”

चिरंजीवांचं म्हणणं पडलं, आत हवा अडकली असेल. रबरी नळ्यांतूनही पाणी फार सावकाश झिरपून बाहेर उडत असतं. चार-पाच वर्षांत पेलाभरातलं थोडं कमी होतं आणि त्याची जागा बुडबुडा घेतो. बुडबुडा नेहमी सगळ्यांत उंच जागी जाऊन बसतो. रेडिएटर वर आणि पंप खाली असेल तर तो बापडा रेडिएटरच्या कोपऱ्यात पडून राहतो, कोणाला त्रास देत नाही. पण चिरंजीवांनी दिवाळीत साफसफाई करताना रेडिएटर समोरच्या बाजूला खाली उतरवला होता, टपावरची जाळी मोकळी दिसावी म्हणून. म्हणजे पंपच सगळ्यांत उंच. आम्ही बुडबुड्याला घराच्या मुख्य माणसाच्या डोक्यावर खुर्ची मांडून दिली होती.

तेव्हा कॅबिनेट उचलून तिरपं करणं आलं. अठरा किलोचं ते धूड मी आणि काकांनी पाळण्यातल्या बाळासारखं डावीकडे झुकवलं, उजवीकडे झुकवलं, पुढे, मागे. आतून पोटात गुरगुरल्यासारखा आवाज आला. बायको दारात येऊन उभी राहिली. “अहो, कलिंगड घेताना एवढं वाजवून बघत नाही तुम्ही,” एवढंच म्हणाली आणि गेली.

आणि मग ती गोष्ट झाली, जिची मी सकाळपासून वाट बघत होतो. चिरंजीव म्हणाले, “पंपाला हळूच ठोकून बघतात. आत काही अडकलं असेल तर कधी कधी सुटतं.”

मी मोगरी आणायला निघालो. मला दारातच अडवण्यात आलं. ठोकायचं ते स्क्रू ड्रायव्हरच्या प्लास्टिकच्या मुठीने, अंड्याला टिचकी मारल्यासारखं. चिरंजीवांनी तीन टिचक्या मारल्या. पडद्यावरचं शून्य हललं. सातशे. बाराशे. एकवीसशे. नळ्या हळूहळू दोन्ही बाजूंनी कोमट झाल्या, आकडा पन्नासवर उतरला. साडेनऊ हजारांचं सात रंगी यंत्र शेवटी टाकीतल्या साडेतीनशे रुपयांच्या पंपाच्याच जातीचं निघालं, ह्या आनंदात मी सगळ्यांना पन्हं पाजलं.

लग्न पुन्हा लावलं. नवरी आली, हात उचलले, हार घातला! घरात टाळ्या झाल्या. नवऱ्याने हार उचलला आणि अंधार.

संध्याकाळी पुण्याहून मेव्हण्यांचा फोन आला. पुण्याचा माणूस तुमची अडचण ऐकतो ती तीच अडचण पुण्यात किती वरच्या दर्जाची आहे हे सांगण्यासाठी. ते म्हणाले, पाण्याने कम्प्युटर थंड करण्यात नवीन काही नाही, पाषाणला आयसरमध्ये २०१९ साली ‘परम ब्रह्म’ नावाचा सुपरकम्प्युटर बसवला आहे तोही पाण्यावरच निवतो. मी म्हटलं, परब्रह्मालाही पाणी लागतं तर आमच्या पोराचं काय घेऊन बसलात. त्यावर त्यांनी अमेरिकेतला ‘क्रे-२’ काढला. १९८५ सालचा. त्याचे सर्किट बोर्ड वीज न वाहणाऱ्या एका द्रवात चक्क बुडवलेले असायचे आणि आत बुडबुडे दिसायचे म्हणून त्याला लाडाने ‘बबल्स’ म्हणत. बुडबुड्यांवरून अमेरिकेत कौतुक होतं, आमच्याकडे त्यांच्यापायी लग्न मोडायला आलं होतं.

दुसऱ्या दिवशी पंप काढून सीताबर्डीवरच्या एका दुकानात नेला. काउंटरवरच्या मुलाने तो हातातही घेतला नाही. “सर, हा सीलबंद असतो. रिपेअर होत नाही. वॉरंटी?” वॉरंटी पाच वर्षांची होती आणि फेब्रुवारीत संपली होती. “मग नवीन घ्या,” असं म्हणून त्याने माझ्यासमोर चार खोकी मांडली. सगळ्यांवर दिवे होते.

‘रिपेअर होत नाही’ हे वाक्य काकांना कळलं तेव्हा ते जेवत होते. हात धुऊनच खाली आले. ज्या शहरात जळालेली मोटर गुंडाळून मिळते, फुटलेली बादली डाग देऊन मिळते, तिथे एका पोराने काउंटरवर बसून असं म्हणावं? त्यांनी आपली पत्र्याची पेटी उघडली.

पंप प्रोसेसरवरून निघाला कसा तेही सांगायला हवं, कारण काकांना ते अजून खटकतं. ते सरळ वर ओढायला निघाले होते. चिरंजीव ओरडले. चार-पाच वर्षांत मधली पेस्ट वाळून चिकटते आणि ह्या जातीचा प्रोसेसर वर ओढला तर खटका न काढताच पंपाबरोबर उपटून येतो, खालच्या शेकडो नाजूक पायांसकट. म्हणून आधी दहा मिनिटं मशीन चालवून पेस्ट उबदार करायची, मग वीज काढून पंप लोणच्याच्या बरणीच्या झाकणासारखा डावी-उजवीकडे फिरवत सोडवायचा. बरणी म्हटल्यावर ते काम बायकोकडे गेलं. तिने दोन वेळा फिरवून काढून दिला.

तांब्याच्या चकतीचे बारीक स्क्रू काढले, खाली ठेवलेल्या परातीत उरलेलं पाणी ओतलं, आणि आत पाहिलं. त्या केसासारख्या चिरांवर करडा-हिरवट साका बसला होता. बराच वेळ कोणी बोललं नाही. दर मार्चला हॉलच्या कूलरची टाकी घासताना जे निघतं ते वाटीभर असतं, हे चमचाभर, पण चेहरामोहरा तोच. ‘सील आहे, आत काही जात नाही’ ह्या गोष्टीवर आम्ही पाच वर्षं विश्वास ठेवला होता. बाहेरून काही गेलं नव्हतंच. आतल्या आत तयार झालं होतं.

काकांनी चष्मा चढवून चकती पाहिली. “हे तांबं. आणि रेडिएटर?”

“ॲल्युमिनियम,” चिरंजीव म्हणाले.

“दोन धातू, मधात पाणी. अबे, ही तं बॅटरी झाली नं!”

तसंच आहे ते. दोन वेगळे धातू एका पाण्यात आले की त्यातला एक झिजत जातो. म्हणून आत साधं पाणी नसतं. ग्लायकॉल आणि गंज रोखणारी रसायनं घातलेलं असतं. ती रसायनं वर्षांच्या हिशेबाने थकतात, साका धरतो, चिरा बुजतात, पंप कण्हायला लागतो. आणि हे काही स्फोट होऊन घडत नाही, हळूहळू घडतं. म्हणून गेल्या उन्हाळ्यात आकडा पाच-सहा अंश वाढला तेव्हा चिरंजीवांनी नागपूरच्या हवेला दोष दिला होता. नागपूरच्या हवेवर कोणीही काहीही ढकलतं.

चकती जुन्या टूथब्रशने घासली, रेडिएटर खळबळून धुतला. भरायला पाणी कुठलं? नळाचं पाणी म्हणजे क्षार. कूलरच्या ताटीवर मे अखेरीला जो पांढरा थर धरतो तो बघितलेल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. डिस्टिल्ड वॉटर हवं. ते आणायला चिरंजीव गाडीची किल्ली शोधू लागले तेव्हा मी जिन्याखालून पाच लिटरचा कॅन काढून समोर ठेवला. इन्व्हर्टरच्या बॅटरीचं पाणी. विदर्भात ते आमच्या घरात नाही असा एकही दिवस जात नाही. ह्या पाच दिवसांत माझ्या हातून झालेली ती एकमेव उपयोगी गोष्ट, म्हणून सांगतो. त्यात गाडीच्या रेडिएटरचं, ॲल्युमिनियमला चालणारं कूलंट हिशेबाने मिसळलं, सुईशिवायच्या सिरिंजने थोडं थोडं भरलं, पुन्हा पाळणा, पुन्हा गुरगुर, पुन्हा सिरिंज. आई म्हणाली, “सलाइन लावली म्हणा नं त्याले.” हे एकदाचं तिच्या निदानाला धरून झालं.

मग रात्रभर गळती तपासायची होती. मशीनच्या अंगावर नवं पाणी घालून लगेच वीज देणं म्हणजे टाकीत हात घालून कूलर सुरू करणं. नागपुरात दर उन्हाळ्यात पेपरात अशा बातम्या येतात आणि त्या विनोदी नसतात. पॉवर सप्लाय बाहेर काढून त्याला एकटा पंपच जोडला. मदरबोर्डशिवाय सप्लाय सुरू व्हायला त्याच्या मोठ्या प्लगमधली हिरवी तार काळ्या तारेला जोडावी लागते. आमच्या प्लगच्या सगळ्याच तारा काळ्या होत्या. काकांनी दोनदा मोजून सोळावी आणि सतरावी ठरवली, चिरंजीवांनी तिसऱ्यांदा मोजली, आणि एक यू-पिन अडकवून मी लांब उभं राहून बटण दाबलं. पंप फिरला. खाली कोरे पेपर नॅपकिन पसरले होते, कुठल्याशा रिसेप्शनमधून आलेले, त्यावर गणपती आणि दोन नावं. बाराला एकदा, अडीचला एकदा आणि पहाटे पाचला आईने उठून एकदा, असं टॉर्च मारून पाहिलं. गणपती कोरडा होता.

सकाळी पेस्ट लावण्यावरून भांडण झालं. दोन्ही धातू दिसायला आरशासारखे गुळगुळीत, पण त्यांत डोळ्यांना न दिसणारे खड्डे असतात, खड्ड्यांत हवा असते आणि हवा उष्णता नीट जाऊ देत नाही. ते खड्डे बुजवायला पेस्ट. जुनी पेस्ट अल्कोहोलने पुसून झाली. आता नवी किती? चिरंजीव म्हणाले वाटाण्याएवढी. काका म्हणाले फुली काढा. मी म्हटलं एवढी महाग ट्यूब आणली आहे तर सढळ हाताने लावा. बायको म्हणाली, “डोशाच्या तव्याला लावता तशी. थेंब टाकायचा आणि कांद्याने फिरवायचा.” आणि सगळ्यांचं लक्ष एकाच वेळी कॅबिनेटच्या टपाकडे गेलं. शेवटी वाटाण्याएवढीच लावली. स्क्रू मात्र काकांच्या पद्धतीने आवळले, समोरासमोरचे, थोडे थोडे, स्टेपनी बदलताना आवळतात तसे. रेडिएटर टपाखाली परत गेला. बुडबुड्याची खुर्ची मोडली.

नवऱ्याने अखेर हार घातला. जेवणावळी झाल्या, पाठवणी झाली, तासाभराचं रेंडर एकदाही न अडखळता पार पडलं. पण आकडा चौऱ्याऐंशी होता. चिरंजीवांना तो खुपत होता. काकांनी कोपऱ्यातला माझा जुना तापमापक पाहिला. आतली खोली स्लॅबखालची, दुपारचे तीन, एक्केचाळीस अंश.

आणि इथे काकांनी मागच्या पाच दिवसांचा सूड घेतला. म्हणाले, “तुझ्या त्या रेडिएटरवर वारा येतो तो एक्केचाळीसचा. तो पाण्याला एक्केचाळीसच्या खाली कसा नेईल? जन्मात नेणार नाही. आणि हा पाय.” त्यांनी हॉलकडे बोट केलं. लोखंडी कूलरच्या ताटीतून पाणी नुसतं वाहत नाही, उडतं. उडताना उष्णता घेऊन जातं. तासाला एक लिटर पाणी उडालं तर साडेसहाशे वॉटच्या आसपास उष्णता गेली, म्हणजे असे चार प्रोसेसर. म्हणून बाहेर चव्वेचाळीस असताना हॉलमध्ये तीसचा वारा येतो. खोलीपेक्षा गार हवा फक्त एकच कूलर देतो आणि त्याला दिवे नसतात. चिरंजीव गप्प राहिले. मी त्या लोखंडी पत्र्याकडे जरा नव्या नजरेने बघत होतो. सासऱ्यांनी दिलेला आहे, हे आतापर्यंत मी फारसं बोलून दाखवलं नव्हतं.

त्याच संध्याकाळी कम्प्युटर हॉलमध्ये आला. कूलरच्या तोंडासमोर नाही, सहा फूट बाजूला, कारण उडणारे तुषार वाळले की मागे क्षार ठेवतात. ओलाव्याची भीती चिरंजीवांना होती. काकांनी सांगितलं, गरम वस्तूवर दव धरत नाही. आकडा उतरला त्र्याहत्तरवर. खोलीत अकरा अंश कमी, मशीनमध्येही अकरा कमी, असा चोख हिशेब काकांनी कॅलेंडरच्या मागे लिहून ठेवला.

आमच्याकडे कूलरच्या वाऱ्याची जागा जावयाची. नवतपा, म्हणजे उन्हाचे सगळ्यांत कडक नऊ दिवस, लागला आणि जावईबापू दोन दिवसांसाठी आले, तेव्हा तिथे कम्प्युटर बसलेला होता. त्यांना कॅबिनेटच्या मागे खुर्ची दिली, जिथे मशीनमधली गरम हवा बाहेर पडते. संकोची स्वभावाचे आहेत. घाम पुसत “छान लागतोय वारा” म्हणाले. आईने त्यांना खिशात ठेवायला कांदा दिला. टपावरचाच दिला, दुसरा घरात नव्हता.

जेवणं चालू असताना वारा एकदम बदलला. जावईबापू संकोचाने काही बोलले नाहीत, पण ताटी कोरडी पडल्याचा वास ज्याला कळत नाही तो आमच्या घरचा नाही. मी घास ठेवून उठणार, तोच चिरंजीव उठले होते. त्यांनी पिन काढली, ताटी बाजूला केली, टाकीत वाकून पंपाच्या नळीला दोन बोटं लावली, थोडा वेळ लावून ठेवली.

“फ्लो नाही,” ते म्हणाले. “बाबा, मोगरी द्या.”